दिवसाला पाणी किती प्यावे, आणि मुंबईत ते प्यायचे कसे?

बोरिवली_स्लो (धागाकर्ती):

उकाडा वाढू लागला की सोसायटीच्या आणि कचेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पाणी पिण्याविषयीचे संदेश फिरू लागतात. कोणी आठ पेले सांगतो, कोणी तीन लिटर, तर कोणी वजनाला कशाने तरी भागून आकडा काढायला सांगतो. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय विरारहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईने एवढे पाणी प्यायल्यावर पुढे करायचे काय, याबद्दल त्यांतला एकही संदेश चकार शब्द काढत नाही. मला या दोन्ही गोष्टींविषयी बोलायचे आहे, कारण मुंबईत त्या वेगळ्या काढताच येत नाहीत.

आधी आकड्यांचे पाहू. आठ पेल्यांचा नियम ज्या शिफारशीशी नेहमी जोडला जातो, ती अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली केलेली होती. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते, असे तीत म्हटले होते. पण त्यातले बरेचसे पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळते, हेही लगेच पुढच्या वाक्यात सांगितले होते. लोकांनी पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोडून दिले. हाइन्झ वाल्टिन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने २००२ साली उपलब्ध संशोधन धुंडाळले, तेव्हा निरोगी माणसाने रोज आठ पेले पाणी प्यायलेच पाहिजे याला त्याला शास्त्रीय आधार सापडला नाही. पुढे २००४ साली अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने पुरुषांसाठी ३.७ लिटर आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर असे आकडे दिले, तर २०१० साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अनुक्रमे २.५ आणि २ लिटर असे सांगितले. ही सगळी मापे एकूण पाण्याची आहेत. त्यांत चहा, ताक, आमटी आणि ताटातला भातही आला. शिजलेल्या भाताचे दोन तृतीयांशांहून अधिक वजन पाण्याचेच असते, त्यामुळे वरण-भात जेवणारा माणूस आणि कोरडी पोळी-भाजी डब्यात नेणारा माणूस यांनी बाटलीने प्यायचे पाणी सारखे असण्याचे कारण नाही.

शरीराचा हिशेब पाहिला की आकडे असे का हलतात ते कळते. मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. बाहेर पडते ते साधारण दीड लिटर. पाणी कमी पडले की मेंदूतून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावते आणि लघवी गडद होते. तरीही शरीरातला टाकाऊ माल बाहेर काढण्यासाठी निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. श्वासातून आणि त्वचेतून नकळत जाणारे पाणी यापेक्षा निराळे असते. घामाचे मात्र काही सांगता येत नाही, कारण तो कामावर आणि हवेवर अवलंबून असतो, आणि तिथेच मुंबईचा प्रश्न सुरू होतो.

मे महिन्यात नागपूरच्या माठातले पाणी दातांना ठणका लागेल इतके गार होते आणि दादरच्या माठातले जेमतेम निवते, यात कुंभाराचा दोष नाही. माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होऊन उडाले तरच ते आतली उष्णता घेऊन जाते, आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर ते उडत नाही, नुसते ओघळते. आपल्या घामाचेही असेच आहे. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता काढून नेतो, पण सदऱ्यातून निथळून फलाटावर ठिबकलेला घाम पाणी आणि मीठ नेतो आणि गारवा काहीच देत नाही. म्हणून पारा ३३ अंशांवर असतानाही इथे माणूस हैराण होतो. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंशांची, पण किनारपट्टीवर ३७ अंशांचीच अट ठेवली आहे, ती काही उगाच नव्हे. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले, हे आपल्यापैकी कोणी विसरले नसेल.

आता दुसरी बाजू. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कसारा सुमारे १२० किलोमीटर, आणि उपनगरी लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. माझ्या डब्यात नियमित येणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी घरातून निघताना चहासुद्धा अर्धा कप घेतात आणि कचेरीत पोहोचेपर्यंत पाण्याला शिवत नाहीत. पाण्याचे महत्त्व त्यांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. आपल्या मुलांच्या दप्तरात त्या न चुकता बाटली भरून देतात. मग त्यांना आणखी एक "भरपूर पाणी प्या" असा संदेश पाठवून काय साधणार? माझ्या मते या शहरात पाणी पिण्याचा प्रश्न अर्धा तहानेचा आणि अर्धा स्वच्छतागृहाचा आहे, आणि दुसरा अर्धा भाग आपण बोलतच नाही. आपापले अनुभव आणि माहिती लिहावी, ही विनंती.

पार्कातली_फेरी:

ताई, लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला तो थोडा धोक्याचा वाटतो. आठ पेल्यांना आधार नाही असे म्हटले की लोक सोयीचा अर्थ काढतात आणि चार पेल्यांवर येतात. मी सत्तरीत आहे. पहाटे उठल्याबरोबर तांब्याच्या लोट्यातले एक लिटर पाणी पितो, मग शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो आणि दिवसभरात चार लिटर पूर्ण करतो. पोट साफ राहते, त्वचा सतेज राहते, शरीरातली विषद्रव्ये निघून जातात. आमच्या फेरीच्या मंडळींपैकी बहुतेकांनी हा नियम घेतला आहे आणि सर्वांना लाभ झाला आहे. तहान लागण्याची वाट पाहू नये, असे आमचे सांगणे आहे.

रात्रपाळी:

मी महानगरातील एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि डायलिसिस विभागात बरीच वर्षे काम केले आहे. काकांच्या मताविषयी आदर ठेवून काही गोष्टी स्पष्ट लिहिते.

निरोगी माणसाने सकाळी पाणी प्यायल्याने नुकसान नाही आणि बद्धकोष्ठ असलेल्यांना त्याचा उपयोगही होतो. परंतु विषद्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि त्यांना पुरेसे पाणी मिळाले की जास्तीचे पाणी प्यायल्याने ती अधिक जोमाने काम करीत नाहीत. जास्तीचे पाणी तसेच बाहेर टाकतात. त्यालाही मर्यादा आहे. मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकू शकतात, आणि त्याहून अधिक वेगाने माणूस पीत राहिला तर रक्तातील सोडियम पातळ होते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे आणि शेवटी झटके, असा हा क्रम असतो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत पूर्ण करणाऱ्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते, आणि त्यांपैकी अनेकांचे वजन धावल्यानंतर घटण्याऐवजी वाढलेले होते. आपल्याकडे जानेवारीत मॅरेथॉनच्या दिवशी प्रत्येक टेबलावरचा पेला रिकामा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या गटात सर्वांना एकच नियम लावू नये. ज्यांचे हृदय कमजोर आहे, ज्यांच्या पायांना सूज येते किंवा ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, त्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात. आमच्याकडे डायलिसिसला येणारे रुग्ण दोन खेपांच्या मधल्या दिवसांत किती पाणी प्यायले ते खाटेवर येण्याआधी वजनकाट्यावर कळते. काही जण तहान मारण्यासाठी बर्फाचा खडा जिभेवर धरतात, काही जण पाव पेला पाणी दुपारभर पुरवतात. त्यांच्यापैकी कोणी आपल्या फेरीच्या मंडळींत असेल आणि चार लिटरचा नियम पाळू लागला, तर तो मध्यरात्री धाप लागून आमच्याकडे येईल. कृपया कोणालाही आग्रह करण्याआधी त्याला कोणत्या गोळ्या सुरू आहेत हे विचारावे.

तहानेची वाट पाहू नये हे म्हणणे मात्र वृद्धांच्या बाबतीत बरोबर आहे. वय वाढते तशी तहान बोथट होते, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून अनेक आज्या संध्याकाळनंतर पाणी बंद करतात. घरातल्यांनी त्यांच्या हातात पेला द्यावा, नुसते "पाणी प्यालीस का" असे विचारू नये. उत्तर नेहमी "हो" असेच येते.

पार्कातली_फेरी:

सिस्टरांनी लिहिलेले मान्य आहे. आमच्यापैकी एका सभासदाची बायपास झालेली आहे, त्यांना आज विचारतो. तांब्याच्या लोट्याविषयी मात्र आपण काहीच म्हटले नाही, याचा अर्थ तो चालतो असा मी घेतो.

रात्रपाळी:

लोटा चालतो, काका. फक्त त्यात लिंबूपाणी किंवा ताक ठेवू नये. आंबटाने तांबे उतरते.

कसारा_सेमी:

पुरुष या विषयावर क्वचित बोलतात, म्हणून लिहितो. मी शहापूरजवळून रोज मुंबईत येतो. पुरुषांना स्वच्छतागृहाची अडचण स्त्रियांच्या मानाने कमी, तरीही गर्दीच्या डब्यात दोन-अडीच तास उभे राहायचे म्हणून मीही पाणी टाळत असे. पुढे मुतखड्याने गाठले. ती कळ ज्याला माहीत आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला वर्णन करून उपयोग नाही.

मूत्रविकारतज्ज्ञांनी जे सांगितले ते इतरांच्या उपयोगी पडेल. एकदा खडा झालेल्या माणसासाठी "किती प्यायलात" यापेक्षा "लघवी किती झाली" हे माप महत्त्वाचे असते, आणि ती दिवसाला अडीच लिटर तरी व्हावी असे पाहायचे असते. मुंबईच्या हवेत दुपारी घामावाटे किती जाते हे धरले तर त्यासाठी तीन-साडेतीन लिटर किंवा त्याहून अधिक प्यावे लागते. हा नियम निरोगी माणसाला नाही, आमच्यासारख्यांना आहे. इटलीतील पार्मा येथे पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे अभ्यास झाला आणि तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्के जणांना पुन्हा खडा झाला, तर दुसऱ्या गटात २७ टक्के जणांना. इतक्या स्वस्त औषधाचा इतका गुण क्वचितच दिसतो.

त्याचबरोबर मीठ कमी करायला सांगितले, म्हणजे पापड, लोणचे आणि फरसाण गेले. दूध बंद करण्याची गरज नाही, हे मात्र मला नवीन होते. खड्यात कॅल्शियम असते म्हणून आहारातले कॅल्शियम तोडणे उलट अंगाशी येते, कारण ते आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खड्यातल्या दुसऱ्या घटकाला, धरून ठेवते. बिअरने खडा पडतो असे सांगणारे मित्र प्रत्येकाला असतात. त्यांचे प्रेम समजून घ्यावे, सल्ला घेऊ नये.

भायखळा_मंडई:

माझ्या आईचा मासळीचा गाळा आहे. पहाटे चारला ती माल उचलायला धक्क्यावर जाते आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत गाळ्यावर असते. समोर बर्फ, पायाखाली पाणी, बाजूला पाण्याचा पिंप, आणि स्वतः ती कोरडी. बाजारातल्या स्वच्छतागृहात जायचे तर गाळा कोणावर तरी सोपवावा लागतो, तिथे पाणी असेलच याचा भरवसा नाही आणि दाराची कडी लागत नाही, म्हणून एक बाई बाहेर उभी ठेवावी लागते. दोन बायका एकदम उठल्या की गिऱ्हाईक जाते. त्यापेक्षा पाणी न पिणे सोपे.

तिला वारंवार उन्हाळी लागते. दवाखान्यात प्रत्येक वेळी गोळ्या देतात आणि प्रत्येक वेळी "पाणी भरपूर प्या" असे सांगतात. एकदा तिने डॉक्टरांना विचारले की पिते, पण जाऊ कुठे? त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. धागाकर्तीने जे लिहिले आहे ते आमच्या घरात रोज घडते, एवढेच सांगायचे आहे.

बोरिवली_स्लो:

आपल्या आईंचा प्रश्न हाच या धाग्याचा प्रश्न आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांवर पाण्याचा परिणाम होतो की नाही, याची रीतसर चाचणी झालेली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या आणि वारंवार मूत्राशयाचा दाह होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. त्यांतल्या अर्ध्यांना रोज दीड लिटर पाणी जास्तीचे प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला आणि उरलेल्यांना ३.२ वेळा. कारण सरळ आहे: लघवी वारंवार झाली की जंतू वाढण्याआधीच धुऊन जातात. पण यात "वारंवार झाली की" हा भाग पाण्याच्या बाटलीत येत नाही, तो महापालिकेने आणि रेल्वेने पुरवायचा असतो.

मुंबईत २०११ साली सुरू झालेली "राइट टू पी" (लघवीला जाण्याचा हक्क) मोहीम याच मुद्द्यावर उभी राहिली होती. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांकडून मात्र पैसे घेतले जातात, शिवाय स्त्रियांसाठी जागाच कमी, ही त्या मोहिमेची मूळ तक्रार होती. तेव्हा वर्तमानपत्रांनी हसून बातम्या दिल्या, पुढे तो विषय गंभीरपणे घ्यावा लागला. मला आजही असे वाटते की उष्माघात टाळण्यासाठी निघणाऱ्या प्रत्येक सरकारी पत्रकात पाण्याच्या ओळीखाली जवळच्या स्वच्छतागृहाची ओळ असली पाहिजे. ती नसेल तर ते पत्रक पुरुषांसाठीच छापलेले आहे असे समजावे.

वडाळा_आगार:

मी बसवाहक आहे. आमच्या नोकरीत फेरी संपेपर्यंत उतरता येत नाही, आणि फेरी किती वेळात संपेल हे वाहतूक कोंडी ठरवते. नियोजित पाऊण तासाचा मार्ग पावसाळ्यात दोन तास घेतो. चालकाच्या बाजूला इंजिनाची धग असते, म्हणून त्यांचा घाम आमच्यापेक्षाही जास्त. जुन्या चालकांनी शिकवलेली रीत अशी की शेवटच्या थांब्यावर आधी मोकळे व्हायचे, मग पाणी प्यायचे, आणि वाटेत फक्त घोट घोट घ्यायचे. एकदम अर्धी बाटली रिकामी केली की पुढच्या फेरीत पंचाईत होते.

रात्रपाळी:

वाहकदादांनी सांगितलेली रीत शास्त्राला धरून आहे. साधे पाणी एकदम अर्धा लिटर प्यायले तर त्यातले पुष्कळसे पुढच्या तास-दीड तासात लघवीवाटे निघून जाते, कारण शरीराला ते एकाएकी जास्त झालेले वाटते. तेच पाणी थोडे थोडे किंवा जेवणाबरोबर घेतले तर अंगात अधिक टिकते. अन्नातले मीठ त्याला धरून ठेवते. लोकलने जाणाऱ्यांनी उठल्याबरोबर आणि न्याहारीसोबत पाणी घ्यावे, निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे, प्रवासात घसा ओला राहील एवढेच घोट घ्यावेत आणि पोहोचल्यावर उरलेले भरून काढावे. सायंकाळच्या प्रवासाआधीही असेच. दिवसभराची बेरीज महत्त्वाची आहे, ती दर तासाला सारखी विभागलीच पाहिजे असे नाही.

मरोळ_नाका:

मी अन्न पोहोचवण्याचे काम करतो, दिवसभर दुचाकीवर असतो. काम दुपारीच जास्त असते, कारण तेव्हा इतरांना उन्हात बाहेर पडायचे नसते. इमारतीत पाणी मागितले तर बहुतेक जण देतात, हे मुद्दाम लिहितो, कारण वाईटच अनुभव सगळीकडे लिहिले जातात. माझा प्रश्न असा की औषधांच्या दुकानात मिळणारी रंगीत, गोड, क्षारयुक्त म्हणून विकली जाणारी पेये रोज घ्यावीत का? माझे काही सहकारी पाण्याऐवजी तीच पितात.

रात्रपाळी:

रोज नकोत. दोन वेळचे जेवण नीट असेल तर घामातून गेलेले मीठ त्यातून भरून निघते. फार घाम आला आणि पायांत गोळे येऊ लागले, तर मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, ताक किंवा कोकम सरबत पुरेसे आहे. शहाळेही उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, हे औषध आहे आणि ते जुलाब-उलट्यांसाठी आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आणले. त्यातले साखर आणि मीठ यांचे प्रमाण नेमके असते, कारण आतड्यातून सोडियम आत जाताना ग्लुकोजचा हात धरून जाते आणि मागोमाग पाणी जाते. साखर जास्त झाली की उलट आतड्यातच पाणी खेचले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच गोड पेयांच्या वेष्टनावर "ओआरएस" हे नाव वापरण्यास २०२५ साली भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. पाकिटावर लिहिलेले सूत्र आणि किती पाण्यात मिसळायचे ते वाचून घ्यावे. एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कधीही घोळू नये.

नवी_आई_मुलुंड:

थोडा वेगळा प्रश्न आहे, क्षमस्व. माझे बाळ चार महिन्यांचे आहे. सासूबाई म्हणतात की इतक्या उकाड्यात त्याला चमचा-दोन चमचे पाणी द्यायलाच हवे, त्याचे ओठ सुकतात. मला त्यांचे मन मोडायचे नाही, पण भीतीही वाटते.

रात्रपाळी:

सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही लागत नाही, अगदी मे महिन्यातही. आईच्या दुधात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. वरचे पाणी दिल्याने बाळाचे पोट भरते, दूध कमी प्यायले जाते आणि पाणी दूषित असेल तर जुलाबाची भीती असते. दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर काळजी नको. सासूबाईंना सांगा की ते दोन चमचे पाणी त्यांनी सूनबाईला द्यावे, तांब्या भरून. दूध पाजणाऱ्या आईलाच ते हवे असते.

फोर्टचा_फिरस्ता:

एक छोटीशी पुस्ती. या शहराला वाटसरूच्या तहानेची चिंता एके काळी चांगलीच होती. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले आणि पुढच्या काही दशकांत दानशूर लोकांनी रस्तोरस्ती दगडी पाणपोया बांधल्या. मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायक यांची १८७६ सालची पाणपोई घड्याळाच्या मनोऱ्यासह अजून उभी आहे. अनेक पाणपोयांना खाली गुरांसाठी वेगळी कुंडी असे. आज त्यांतल्या बऱ्याच कोरड्या आहेत, काहींची डागडुजी होऊन नळ पुन्हा सुरू झाले आहेत. फुकट पाणी मिळण्याची जागा गेली आणि बाटली आली, एवढाच फरक.

कुलाबा_शिक्षिका:

शाळेतला अनुभव सांगते. केरळमध्ये २०१९ साली शाळांतून पाण्याची घंटा सुरू झाली, तशी आमच्याकडेही दिवसातून ठरावीक वेळा घंटा होते आणि सगळा वर्ग पाणी पितो. पाचवीपर्यंतची मुले आनंदाने पितात, कारण घंटा म्हणजे तासाला सुट्टी. सातवी-आठवीच्या मुली मात्र बाटली ओठांना लावतात आणि पाणी तसेच परत नेतात. कारण विचारले तर सांगत नाहीत. आम्ही मुलींच्या स्वच्छतागृहात कडी दुरुस्त करून घेतली, बादली आणि झाकणाचा डबा ठेवला आणि तासाच्या मधे हात वर न करता बाहेर जाण्याची मुभा दिली. त्यानंतर बाटल्या रिकाम्या जाऊ लागल्या. पाण्याच्या महत्त्वावर आम्ही वेगळे भाषण दिले नाही.

भायखळा_मंडई:

बाई, ही कडीची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. गाळेवाल्यांच्या संघटनेतर्फे वॉर्ड कार्यालयात अर्ज द्यायचे आम्ही ठरवत आहोत. त्यात पाणी, कडी आणि दिवा एवढ्या तीनच मागण्या लिहिणार आहोत. अर्जात आरोग्याचा मुद्दा कसा मांडावा हे कोणी सुचवल्यास आभारी राहीन.

बोरिवली_स्लो:

अर्जाचा मसुदा मला निरोपातून पाठवा, मी नजर घालते. वर दिलेला दाहाचा अभ्यास त्यात दोन ओळींत लिहिता येईल, आणि बाजारातल्या किती बायकांना वर्षभरात असा त्रास झाला याची साधी यादी सोबत जोडली तर अधिकाऱ्यांना ती बाजूला सारणे अवघड जाईल. नावे नकोत, गाळ्यांची संख्या पुरेल.

मरोळ_नाका:

शेवटचा प्रश्न. आपण पुरेसे पितो की नाही हे बाटली न मोजता ओळखायचे असेल तर?

रात्रपाळी:

लघवीचा रंग पाहावा. सकाळची पहिली लघवी गडद असतेच, ती धरू नये, दुपारची पाहावी. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद पिवळी असेल आणि कमी होत असेल तर पाणी वाढवावे. दिवसभर अगदी पाण्यासारखी होत असेल तर थोडे कमी प्यायले तरी चालेल. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी ती झगझगीत पिवळी होते आणि क्षयाच्या औषधातील रिफाम्पिसिनने नारिंगी होते, त्याचा पाण्याशी संबंध नाही आणि त्यासाठी औषध बंद करू नये. लाल किंवा चहासारखी झाली तर मात्र पाणी पीत वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.